शेवटच्या सायकलीची वाट



ऑक्टोबरची रोझरी संपत आली की आपल्या धर्मग्रामात जुन्या गोव्याच्या सायकल यात्रेची बोलणी सुरू होतात. गोंयच्या सायबाची, म्हणजे संत फ्रान्सिस झेविअर यांची नोव्हेना २४ नोव्हेंबरला सुरू होते आणि ३ डिसेंबरला फेस्त असते. त्या दिवसांत बेळगाव-खानापूर भागातून, सिंधुदुर्गातून, कारवारकडून कितीतरी भाविक पायी निघतात, कोणी बसने जातात, कोणी गाडी करून जातात. आपली मंडळी सायकलने जाते. यंदाच्या बैठकीत या यात्रेविषयी एक सूचना पुढे आली आहे आणि येत्या रविवारी मिस्सानंतर तिच्यावर निर्णय व्हायचा आहे. म्हणून आम्ही, यात्रेत सामान, जेवण आणि माणसांची मोजणी सांभाळणारे काही स्वयंसेवक, आमचे मत इथे मांडत आहोत.

सूचना अशी आहे. यात्रा दोन दिवसांऐवजी एका दिवसात पुरी करावी. गिअरची सायकल असेल त्यालाच नाव देता यावे. निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ नोंदवावी, ठरलेल्या वेळेत पोहोचेल त्याला पदक द्यावे. ज्यांना ही गती झेपणार नाही त्यांच्यासाठी बस ठेवावी, म्हणजे कोणी दर्शनाला मुकणार नाही. ही सूचना आपल्याच मुलांनी केली आहे. ती मुले मेहनती आहेत, रविवारी पहाटे उठून सराव करतात, आणि यात्रेवर त्यांचे प्रेम आहे. त्यांच्या हेतूबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. तरीही ही सूचना मान्य होऊ नये असे आम्हाला वाटते, आणि का वाटते ते नीट सांगायला हवे.

आधी वाटेबद्दल बोलू. ज्यांनी ही वाट सायकलने केली नाही त्यांना ती शंभर किलोमीटरच्या वरची एक सरळ रेघ वाटते. प्रत्यक्षात ती चार-पाच वेगवेगळ्या मुलखांची वाट आहे. पिरनवाडी, किणये सोडले की दोन्ही बाजूंना भाताची शिवारे लागतात. नोव्हेंबरअखेर कापणी होऊन गेलेली असते किंवा चाललेली असते, खळ्यांवर मळणी असते आणि सकाळी धुके इतके की पुढच्याची पाठ दिसत नाही, नुसती घंटी ऐकू येते. कुसमळीजवळ मलप्रभा ओलांडली की जांबोटी येते आणि जंगल दाट होऊ लागते. कणकुंबी हे मलप्रभेचे उगमस्थान. तिथे माउली देवीच्या मंदिराच्या आवारात आपल्याला दरवर्षी सावली आणि पाणी मिळते, कोण कुठल्या धर्माचे हे कोणी विचारत नाही. इथून पूर्वेला पडलेला पाऊस मलप्रभेतून कृष्णेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला जातो, आणि थोडेसे पश्चिमेला पडलेले पाणी म्हादईतून अरबी समुद्राला जाते. आपण त्या पाणलोटाच्या कण्यावरून सायकल चालवत असतो.

मग चोर्ला घाट. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच, आणि घाटाखालचे केरी जवळजवळ समुद्राच्या पातळीला. म्हणजे जाताना घाट उतरायचा असतो. नवख्यांना वाटते, उतार म्हणजे फुकटची मजा. जाणत्यांना ठाऊक आहे की जाताना ब्रेकची परीक्षा होते आणि येताना छातीची. सतत ब्रेक दाबून धरला तर रिम तापते आणि ट्यूब जाते. म्हणून दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडत-धरत लावायचे, पुढच्याशी भरपूर अंतर ठेवायचे आणि वळणावर कोणी कोणाला ओलांडायचे नाही. जुन्या काळ्या सायकलींचे दांड्याचे ब्रेक या उतारावर पुरेसे धरत नाहीत. त्या सायकलीवाल्यांनी सर्वांत कठीण वळणांवर खाली उतरून सायकल हातात धरून चालायचे, हा आपला पहिल्यापासूनचा नियम आहे.

केरीला उतरलो की हवाच बदलते. अंगातले स्वेटर पिशवीत जातात. पोफळीची कुळागरे, काजूची झाडे, साखळीची वाळवंटी नदी, मग डिचोली भागातली खाणींची लाल धूळ, मयेचे तळे. नार्वेला फेरीबोटीत सायकली चढवायच्या आणि दिवाडी बेटावर उतरायचे. बेटावर खाजन शेती, खारफुटी, टेकडीवर पिएदादचे चर्च. बेट पार करून दुसरी फेरीबोट धरली की पलीकडच्या तीरावर जुने गोवे. परतताना आपण फोंड्याहून मोलेला जातो, अनमोडचा घाट चढतो आणि लोंढा-खानापूर करून घरी येतो. दोन्ही बाजू मिळून दोनशे किलोमीटरच्या पुढे जाते.

ही वाट एका दिवसात होते का? होते. चांगला सराव असलेला तरुण सकाळी निघून दुपारी जुन्या गोव्यात पोहोचू शकतो. कोणाच्या पायांत किती बळ आहे हा आपला मुद्दाच नाही. यात्रा कोणाची आहे, हा मुद्दा आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्याबरोबर कोण कोण आले ते आठवून पाहा. फाउंड्रीत आयुष्यभर काम करून निवृत्त झालेले एक काका येतात. त्यांची सायकल काळी, जड, मागे कॅरिअर आणि त्यावर सुतळीने बांधलेली पिशवी. चढावर ते म्हणतात, "पोरांनो, पुढं व्हा तुम्ही, मी येतो की मागनं." मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या एक मावशी येतात. त्यांची सायकल मुलीची, मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा घरी राहिलेली. सातवी-आठवीतल्या मुली येतात, ज्यांना घरातून एकटीने वेशीपर्यंत जायची परवानगी नसते, पण धर्मग्रामाबरोबर गोव्यापर्यंत जायची मिळते. एक भाऊ येतात, ज्यांचे एक पाऊल लहानपणापासून अधू आहे. सपाटीवर ते कोणालाही ऐकत नाहीत, चढावर मात्र उतरतात. नव्या नियमाने यांतले एकही नाव यादीत राहणार नाही. सगळ्यांना बस मिळेल, दर्शन मिळेल, परतीचा चहाही मिळेल. पण बसमधून जाणारा माणूस आपल्याबरोबर येत नाही, आपल्या आधी पोहोचतो. त्याची सोय आपण केलेली असते आणि सोबत मात्र काढून घेतलेली असते.

आम्ही मोजणी करतो म्हणून एक गोष्ट सांगू शकतो. प्रत्येक फाट्यावर थांबून माणसे मोजायची ही पद्धत आम्हाला प्रभू येशूच्या दाखल्यातून मिळाली असे म्हटले तरी चालेल. लूकच्या पंधराव्या अध्यायातला मेंढपाळ शंभरांतले एक मेंढरू हरवले म्हणून नव्व्याण्णव सोडून निघतो. त्या दाखल्यावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली. पण एक हरवले हे त्याला कळले कसे? त्याने मोजले होते. जो मोजत नाही त्याला कोणी हरवल्याचे कळतच नाही. आता वेळ मोजणे आणि माणसे मोजणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करून पाहा. घड्याळ चालू असले की मागे राहिलेला माणूस म्हणजे वाया गेलेली मिनिटे. घड्याळ बंद असले की तो फक्त मागे राहिलेला माणूस असतो, आणि आपण त्याची वाट पाहतो.

पवित्र शास्त्रात प्रवासाच्या गोष्टी जागोजागी आहेत, आणि मागे राहणाऱ्यांचा विचार त्यांत पुन्हा पुन्हा येतो. उत्पत्तीच्या तेहतिसाव्या अध्यायात याकोब आणि एसाव हे दुरावलेले भाऊ कितीतरी वर्षांनी भेटतात. एसावाजवळ चारशे माणसे आहेत, तो म्हणतो की चल, बरोबर जाऊ. याकोब नम्रपणे सांगतो की आपल्याबरोबर लहान मुले आहेत, दूध पाजणारी जनावरे आहेत, एक दिवस जरी त्यांना दामटले तरी कळप मरेल. म्हणून आपण त्यांच्या चालीने सावकाश येऊ. याकोबाने चाल ठरवली ती सर्वांत अशक्त जिवाकडे बघून. आमच्या मते यात्रेच्या नियमावलीत पहिला नियम म्हणून हाच प्रसंग सांगावा.

गणनाच्या दहाव्या अध्यायात इस्राएली लोकांचा तळ कोणत्या क्रमाने हलायचा ते दिले आहे. सगळ्यांच्या मागे दानाचा वंश, पिछाडी सांभाळायला. दान हा काही दुबळा वंश नव्हता. त्याच पुस्तकातल्या शिरगणतीत संख्येने तो यहूदाच्या खालोखाल आहे. म्हणजे मागे राहायला दुबळे ठेवले नाहीत, बळकट ठेवले. का, ते अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायावरून कळते. अमालेकी लोकांनी हल्ला केला तो थकून मागे पडलेल्यांवर, आणि देवाला त्यांचा राग आला तो याच गोष्टीचा. रस्त्यावर आजही तसेच आहे. घाटात लॉरीचा धोका सर्वांत जास्त कोणाला? जो एकटा, दमलेला, मागे राहिला आहे त्याला.

आणखी एक प्रसंग दाविदाचा. १ शमुवेलच्या तिसाव्या अध्यायात सहाशे माणसे शत्रूच्या पाठलागाला निघतात आणि बसोर ओढ्यापाशी दोनशे जण इतके थकतात की पुढे जाऊ शकत नाहीत. ते सामानाजवळ थांबतात. चारशे जण जिंकून परत येतात, आणि त्यांच्यातले काही म्हणतात की मागे राहिलेल्यांना लुटीतला वाटा द्यायचा नाही. दावीद ते मानत नाही. हा विजय देवाने दिला आहे, म्हणून लढणाऱ्याला आणि सामान राखणाऱ्याला सारखाच वाटा, असे तो ठरवतो आणि तो पुढे नियमच होऊन बसतो. पदके वाटायची असतील तर दाविदाला विचारून वाटावीत.

आपली मुले हुशार आहेत. त्यांनी बैठकीत विचारले, "मग संत पौलानेच शर्यतीची उपमा दिली आहे, तिचं काय?" प्रश्न बरोबर आहे. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, नवव्या अध्यायात, पौल धावणाऱ्यांबद्दल आणि त्यांच्या मुकुटाबद्दल लिहितो. तिथे त्याला खेळाडूची शिस्त दाखवायची आहे, स्वतःच्या देहाला वळण लावायचे आहे. शिस्तीला आमचा विरोध नाही. पहाटेचा सराव जरूर करावा. पण तेच पत्र आणखी दोन अध्याय पुढे वाचावे. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनासाठी एकत्र येताना पुढे येणारे आधी खाऊन घेत होते आणि मागून येणारे उपाशी राहत होते. पौल त्यांच्यावर चिडतो, आणि शेवटी अगदी साधी सूचना देतो: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. शर्यतीची उपमा देणाऱ्यानेच थांबण्याची आज्ञा दिली आहे. आपली यात्रा जिथे संपते तिथे पवित्र मिस्सा आहे, म्हणजे तेच भोजन. मग कोणती सूचना आपल्याला अधिक लागू पडते?

आता ज्यांच्या भेटीला आपण जातो त्यांचाही विचार करू. फ्रान्सिस झेविअर यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी नवार प्रांतातल्या हाविएरच्या गढीत झाला. पॅरिसला शिकत असताना ते खेळात तरबेज होते. १५३६ च्या नोव्हेंबरात ते सोबत्यांबरोबर पॅरिसहून पायी निघाले आणि ऐन थंडीतून चालत १५३७ च्या जानेवारीत व्हेनिसला पोहोचले. या प्रवासाची एक कथा जुन्या चरित्रांतून येते. उड्या मारण्यात आणि धावण्यात आपल्याला पूर्वी गर्व होता याचे प्रायश्चित्त म्हणून फ्रान्सिस यांनी कोणाला न सांगता स्वतःच्या हातापायांना दोऱ्या आवळून बांधल्या. चालता चालता त्या मांसात रुतल्या, अंग सुजले आणि ते कोसळले. सोबती त्यांना तिथे टाकून पुढे गेले नाहीत. त्यांना उचलून मुक्कामाला नेले आणि त्यांच्यासाठी खोळंबून राहिले. म्हणजे ज्यांच्या नावाने आपण वेळेची शर्यत लावू पाहतो ते एकदा स्वतःच मागे पडलेले यात्रेकरू होते, आणि सोबती थांबले म्हणून पुढे आले.

शेवटाचेही तसेच. १५४१ च्या एप्रिलमध्ये लिस्बन सोडून ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले, त्यानंतर दहा वर्षे भारताचा किनारा, मलाक्का, मोलुक्का बेटे, जपान असे फिरले. चीनला जायची तळमळ होती. पण ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यासमोरच्या शांगचुआन बेटावर तापाने त्यांचे निधन झाले. पलीकडचा किनारा जवळ होता आणि पाऊल तिथे पडले नाही. ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळेत पोहोचणे हीच कसोटी असती तर गोंयच्या सायबाला पदक मिळाले नसते. त्यांचे शरीर १५५४ मध्ये गोव्यात आले, १६२२ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले, आणि आज बॉम जेझू बेसिलिकेत आपण गुडघे टेकतो ते न पोहोचलेल्या एका प्रवाशापुढे.

याचा अर्थ वेग वाईट, असा काढू नये. वेग ही देणगी आहे, आणि कोणत्याही देणगीला विचारायचा प्रश्न एकच: ती कोणासाठी वापरली? इटलीचे जिनो बार्ताली हे जगातले नामांकित सायकलपटू. १९३८ आणि १९४८ अशा दोन वेळा त्यांनी फ्रान्सची मोठी शर्यत जिंकली. ते श्रद्धावान कॅथलिक होते. महायुद्धात जर्मन फौजांच्या अमलाखाली ज्यू कुटुंबांना लपवण्यासाठी बनावट कागदपत्रे लागत. फ्लॉरेन्सच्या महागुरूंशी जोडलेल्या गुप्त मदतकार्यात बार्ताली ही कागदपत्रे सायकलवरून पोहोचवत, आणि सराव चालला आहे असे दाखवत. हयातीत त्यांनी याची फारशी वाच्यता केली नाही. या कामासाठी इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने २०१३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, त्यांचा गौरव केला. आपल्यातल्या जलद मुलांना आम्ही हेच म्हणतो. तुमचे पाय आम्हाला हवे आहेत, पण मागे हवे आहेत. पंप, पंक्चरचे सामान आणि जादा ट्यूब घेऊन शेवटच्या सायकलीमागे राहील तो आपल्यातला सर्वांत बळकट असायला हवा. मावशींची चेन उतरली की पाच मिनिटांत बसवून, पुढच्यांना गाठून, पुन्हा मागे येणे हे कच्च्या पायांचे काम नाही.

सूचनेच्या बाजूने दोन मुद्दे खरोखर वजनदार आहेत आणि त्यांना उत्तर द्यायला हवे. पहिला सुरक्षिततेचा. संथ जथा रस्त्यावर जास्त वेळ राहतो, अंधार होतो, घाटात धोका वाढतो. हे खरे आहे. पण त्यावर उपाय माणसे कमी करणे हा नाही, वेळ नीट वापरणे हा आहे. पहाटे लवकर निघावे, घाटाच्या अलीकडे मुक्काम करावा, घाट दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात, लॉऱ्यांची गर्दी वाढण्याआधी उतरावा, आणि दोन्ही दिवशी सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी सायकली थांबाव्यात, मुक्काम आला असो वा नसो. खरे तर एका दिवसाची घाईच माणसाला दमलेल्या अंगाने घाटात ढकलते.

दुसरा मुद्दा रजेचा. नोकरी करणाऱ्या तरुणांना चार-पाच दिवस मिळत नाहीत. हा त्रास आम्ही जाणतो. त्यांच्यासाठी आमची सूचना अशी की त्यांनी जाताना बरोबर यावे आणि परतताना सायकल टेम्पोत टाकून बसने यावे. कोणाला दुसऱ्या दिवशी घाटाखाली येऊन मिळायचे असेल तर तेही चालेल. पण जो भाग बरोबर करायचा तो खरोखर बरोबर करावा.

कोणी म्हणेल, थांबत थांबत जाण्यात प्रार्थनेला जागा कुठे, नुसता खोळंबाच. उलट आहे. आमची रोझरी त्याच खोळंब्यात होते. फाट्यावर मागच्यांची वाट पाहताना एक दशक मराठीत, पुढच्या फाट्यावर एक कोंकणीत, एक कन्नडमध्ये. रस्त्यावरच्या पाट्यांची लिपी बदलते, राज्याची हद्द आपण सायकलवरून ओलांडतो, आणि नमो मारियेचा जप चालूच असतो. वारकऱ्यांच्या दिंडीत चालणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. आळंदीहून पंढरपूरला निघालेली दिंडी विसाव्याला थांबते, मुक्कामाला थांबते, आणि कोणी पुढे पोहोचला म्हणून त्याची वारी मोठी ठरत नाही. सोबतीने देवाकडे जाण्याची ही रीत आपल्या मातीत आहे. ती आपण सोडून का द्यावी?

आणि नार्वेचा धक्का तर दरवर्षी आपल्याला हे शिकवतोच. आधी आलेला तिथे उभा राहतो, मागून आलेला येऊन मिळतो, आणि फेरीबोट लागली की सगळे एकत्र चढतात. पंधरा मिनिटांची आघाडी नदीच्या काठी संपते.

म्हणून रविवारच्या सभेपुढे आमचे म्हणणे थोडक्यात असे. यात्रा पूर्वीप्रमाणे दोन दिवसांची राहावी. सायकल कोणतीही चालेल, पण निघण्याच्या पंधरा दिवस आधी प्रत्येकाने सायकल दुकानात नेऊन ब्रेकचे रबर, टायर, चेन तपासून घ्यावी. ज्याला खर्च झेपत नाही त्याचा यात्रेच्या पेटीतून व्हावा. प्रत्येक फाट्यावर मोजणी व्हावी आणि संख्या जुळल्याशिवाय कोणी पॅडल मारू नये. सर्वांत बळकट चौघांनी पिछाडी सांभाळावी. जुन्या गोव्याच्या तीरावर उतरल्यावर सर्वांनी एकत्रच बेसिलिकेकडे जावे, आणि पुढे शेवटची सायकल असावी.

ज्यांना शर्यत हवी आहे त्यांच्यासाठी पास्काच्या सणानंतर एखाद्या रविवारी बेळगावजवळच्या सपाट रस्त्यावर जरूर शर्यत ठेवू. पाणी द्यायला, वेळ लावायला, पदके ओवाळायला आम्हीच उभे राहू आणि मनापासून टाळ्या वाजवू. शर्यतीला तिची जागा द्यावी आणि यात्रेला यात्रा राहू द्यावे, एवढीच विनंती.

हे प्रभू येशू, अम्माऊसच्या वाटेवर तू दोन दमलेल्या, खिन्न शिष्यांच्या चालीने चाललास आणि तुला ओळखायला त्यांना लागला तेवढा वेळ दिलास. आमच्या मुलांच्या पायांना बळ दे, आणि ते बळ मागे वळून पाहणारे असू दे. आमच्या वृद्धांना, मुलींना, दुबळ्यांना वाटेत एकटे पडू देऊ नकोस. संत फ्रान्सिस झेविअर, आमच्यासाठी विनंती करा. आमेन.